प्लेयार्ड लहान पडू लागला, हे कसं ओळखाल?

प्लेयार्ड, म्हणजे जाळीच्या बाजूंचं, मिटवता येणारं बाळाचं खेळायचं-झोपायचं कुंपण, आमच्याकडून भाड्याने नेताना सगळे विचारतात, "कितव्या महिन्यापासून बसवायचं बाळाला?" बंद कधी करायचा, हे जवळजवळ कुणीच विचारत नाही. मग मध्येच कधीतरी फोन येतो: "अहो, मार्चपर्यंतचं भाडं भरलंय, आणि हा आत्ताच वरून पाय टाकतोय. दोन वर्षांचाही नाही झाला अजून!" आमचं उत्तर ठरलेलं आहे. आजपासून वापर थांबवा, मार्चचं आपण बघू.

हे पत्रक तो फोन करायची वेळ येण्याआधी वाचायचं आहे. घरात बाळाला सांभाळणारे आजी-आजोबा किंवा मावशी असतील तर त्यांनाही वाचायला द्या. दिवसभर बाळ त्यांच्याच समोर असतं.

लेबलवर काय लिहिलेलं असतं

प्लेयार्डच्या तळाशी किंवा दांड्याच्या कापडावर शिवलेलं लेबल शोधा. बहुतेक मॉडेल्सवर कमाल उंची 35 इंच आणि कमाल वजन 30 पौंड असं दिसेल, म्हणजे आपल्या मापात 89 सेंमी आणि साडेतेरा किलोच्या थोडं वर. युरोपातल्या काही ट्रॅव्हल कॉटना (प्रवासात नेता येणारे, मिटवायचे तसेच पलंग) 15 किलोपर्यंत परवानगी असते. तुमच्या लेबलवरचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा, आमचा नाही.

तिसरी अट आकड्यात नसते: मूल चढून बाहेर येऊ शकत असेल तर वापर बंद. तिन्हींपैकी जी आधी येईल तिथे थांबायचं. पहिल्या वाढदिवसाला तगडं झालेलं मूलही असतं आणि अडीच वर्षांचं नाजूक मूलही, त्यामुळे केवळ वयावर भरवसा ठेवू नका.

आपल्याकडे लक्ष असतं ते वजनाकडे. लसीकरणाला गेलं की काट्यावर ठेवतात, कार्डावर लिहितात, आणि गावाहून फोन आला तरी पहिला प्रश्न "किती भरलं?" हाच. पण प्लेयार्डच्या बाबतीत वजन सहसा सगळ्यात शेवटी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे मध्यम उंचीचा मुलगा सव्वादोन वर्षांच्या सुमारास 89 सेंमीला पोचतो, मुलगी त्यानंतर महिना-दोन महिन्यांत. साडेतेरा किलो भरायला मात्र दोघांनाही अडीच वर्षांच्या पुढे जावं लागतं. आणि चढण्याची हौस या दोन्हींच्या आधी येते. बरीच मुलं दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान प्रयत्न सुरू करतात, काही त्याहूनही लवकर. "वजन कमी आहे, अजून चालेल" हा हिशेब म्हणूनच चुकतो.

चढण्याची तयारी कशी दिसते

मूल सहसा एकदम उडी मारून बाहेर येत नाही. आधी काही दिवस त्याची तालीम चालू असते, फक्त आपण तिला मस्ती समजतो.

बहुतेक मुलं कोपरा निवडतात. मधला दांडा हाताखाली थोडा लवतो, कोपऱ्यातला खांब लवत नाही. दोन्ही बाजूंचे दांडे दोन हातांत धरून मूल टाचा उचलतं, पोट दांड्यावर टेकवतं आणि बाहेर वाकून बघतं. मग एक दिवस टाच दांड्यावर अडकते. ती टाच दिसली त्याच दिवशी प्लेयार्ड मिटवा. "पडला तर नाही ना?" हा प्रश्न इथे गैरलागू आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, त्यामुळे दांड्यावरून गेलं तर बहुतेक वेळा डोक्यावरच येतं, आणि आपल्या घरांत खाली मोझेक नाहीतर व्हिट्रिफाइड टाइल असते.

टाच दिसण्याआधीही एक खूण आहे. मुलाला आत सरळ उभं करा आणि वरचा दांडा कुठे येतो ते बघा. खांद्याजवळ किंवा काखेजवळ असेल तर अजून अवकाश आहे. छातीच्या मध्यावर किंवा त्याखाली आला असेल तर उंचीचा आकडा व्हायचा असला तरी तयारीला लागा. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना घरच्या लाकडी क्रिबसाठी (कठड्याच्या बाळपलंगासाठी) असंच सांगते: कठडा मुलाच्या उंचीच्या पाऊण भागापेक्षा कमी उरला, की क्रिब सोडायची वेळ झाली.

पायरी होऊ शकेल असं आत काही ठेवू नका. उशी, लोड, मोठं टेडी, खेळण्यांचा डबा, यातलं काहीही चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळासाठी उशी आणि मऊ सामान तसंही नकोच, गुदमरण्याची भीती असते. प्लेयार्ड दिवाणाला, सेटीला किंवा खिडकीला चिकटवून उभा करू नका. पडद्याची दोरी आणि डास पळवणाऱ्या मशीनची वायर हाताशी येईल इतकंही जवळ नको.

गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत यावर आम्ही वाद घालत नाही. फक्त चढू लागलेल्या मुलाच्या गळ्यात तो नको, कोपऱ्यातल्या खांबाला अडकू शकतो. करदोटा राहू दे.

जुगाड नको

मुदत वाढवण्यासाठी केलेल्या कल्पना आम्हाला नेहमी ऐकू येतात. वरून ओढणी बांधली, प्लायचा तुकडा ठेवला, मच्छरदाणी ताणून क्लिपा लावल्या. यांतल्या प्रत्येकात मान अडकण्याची शक्यता आहे, कारण मूल चढायचं थांबत नाही, त्यात गुंततं. पावसाळ्यात डास असतात हे मान्य, पण मच्छरदाणी लावायची तर त्याच मॉडेलसाठी बनलेली, आणि मूल उभं राहून तिला ओढू लागेपर्यंतच.

दुसरी गादी घालणं हा सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार. आत येते ती पातळ, कडक गादी बघून आजी कळवळतात, आणि वरून कापसाची गादी पडते. तिच्यामुळे तळ वर येतो आणि कठडा तेवढा बुटका होतो, शिवाय गादी आणि जाळी यांच्यात फट पडते. बाळाचं तोंड त्या फटीत रुतलं तर त्याला स्वतःला सोडवता येत नाही. प्लेयार्डबरोबर आलेलीच गादी वापरा. ती कडक असते ती मुद्दाम.

वरचा कप्पा कधी काढायचा

ज्यांनी वरच्या बॅसिनेटसह, म्हणजे तान्ह्या बाळाला झोपवायच्या वरच्या कप्प्यासह, प्लेयार्ड नेला आहे त्यांची पहिली मुदत याच्या खूप आधी संपते. बाळ कुशीवर किंवा पालथं वळू लागलं, किंवा हातांवर आणि गुडघ्यांवर उठायला बघू लागलं, की वरचा कप्पा काढायचा आणि बाळ खालच्या तळावर. लेबलवर वजनाची वेगळी मर्यादा असते, अनेक मॉडेल्सवर 15 पौंड, म्हणजे पावणेसात किलो. आडवी टांगलेली खेळणीही बाळ हातांवर उठू लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं की उतरवा.

मोजायचं कसं

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, अनवाणी. मुलाला भिंतीला पाठ, ढुंगण आणि टाचा टेकवून उभं करा, डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात ठेवा, पेन्सिलने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने मोजा. दाराच्या चौकटीवर 85 आणि 89 सेंमीच्या रेघा आधीच मारून ठेवल्या तर आणखी सोपं. 85 ला आम्हाला फोन करा, 89 ची वाट बघू नका.

मोठ्या मुलाचा हिसका

पाय रोवून उभं राहणारं मूल दांडे धरून अख्खा प्लेयार्ड गदागदा हलवतं. म्हणून शेवटच्या महिन्यांत रोज सकाळी चारही वरचे दांडे हाताने दाबून कुलूप लागलंय ना ते बघा. उघडताना आधी दांडे ताणून लॉक करायचे, मग मधला तळ खाली दाबायचा, हा क्रम उलटा केला तर दांडे लॉक झाल्यासारखे वाटतात आणि नसतात. 1990 च्या दशकात अमेरिकेत वरचे दांडे मध्येच मिटून मुलांचे जीव गेले, त्यानंतर कुलपांची रचना बदलली, आणि 2013 पासून तिथे प्लेयार्डसाठी सक्तीचं मानक लागू आहे. जाळी फाटली किंवा तळ मध्ये झोळ पडल्यासारखा झाला तर शिवू-चिकटवू नका, आम्ही बदलून देऊ.

मग झोपवायचं कुठे

मुंबईतल्या घरात याचं उत्तर सोपं आहे: जमिनीवर गादी. भिंतीपासून चांगली दूर, म्हणजे मधल्या फटीत मूल जाणार नाही. उंच पलंगाची घाई नको. पावसाळ्यात गादी रोज उचलून भिंतीला टेकवा, नाहीतर खालून बुरशी धरते.

खरं काम घराचं आहे. मूल आता रात्री स्वतः उठून फिरणार, तेव्हा झोपायच्या आधी एकदा त्याच्या उंचीला बसून खोली बघा. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्या, चपला ठेवायची सवय असते, आणि त्याखाली सेटी असते. सेटी हलवा. ग्रिलच्या आडव्या सळ्या मुलाला चढायला पुरतात. बाथरूममध्ये भरलेली बादली किंवा पिंप उघडं राहता कामा नये, थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. ज्यांच्याकडे पहाटे पाणी येतं त्यांनी झाकण आणि दाराला वरची कडी, दोन्ही करा. कपाट आणि टीव्ही युनिट भिंतीला स्क्रूने आवळून घ्या. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद. ओट्याजवळची खुर्ची किंवा स्टूल बाहेर.

परत देताना

मुदतीआधी दिलात तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचं भाडं आम्ही डिपॉझिटबरोबर परत करतो. पावतीवरच्या नंबरवर दोन दिवस आधी कळवा, माणूस येऊन घेऊन जाईल. लिफ्ट बंद असेल तर आधी सांगा. गादीचं कव्हर धुऊ नका, ओलं बांधलेलं कव्हर वासायला लागतं आणि ते आम्हाला फेकावं लागतं. लेबल मात्र कापू नका, पुढच्या बाळाच्या आईला तेच वाचायचं आहे.