टीसीपी टाइमस्टॅम्पवरून अपटाइम कळतो?

"टीसीपी टाइमस्टॅम्प चालू असेल तर सर्व्हर कधी रीबूट झाला हे बाहेरच्याला कळतं, म्हणून तो बंदच करा," असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. टाइमस्टॅम्प म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या टीसीपीच्या पॅकेटमध्ये पाठवणारं मशीन घालतं तो वाढत जाणारा आकडा; अपटाइम म्हणजे मशीन बूट झाल्यापासून गेलेला वेळ. एकेकाळी तो बरोबर होता, कारण अनेक सिस्टिम्सची मोजणी बूटपासून सुरू व्हायची. टीसीपीच्या मानकाला मात्र खरी वेळ लागतच नाही. आकडा साधारण एकाच गतीने वाढला की पुरे. २०१४ च्या आरएफसी ७३२३ या मानकात तर प्रत्येक कनेक्शनला वेगळा रँडम ऑफसेट (मोजणीत मिळवायचा आकडा) द्यावा अशी शिफारस आहे, म्हणजे त्यावरून बूटची वेळ काढता येत नाही. लिनक्सने कर्नल ४.१० मध्ये ऑफसेट आणला, पुढे तो दोन्ही टोकांच्या आयपी पत्त्यांच्या जोडीगणिक ठेवला.

स्वतः पाहा: लिनक्सवर टीसीपीडम्प (पॅकेट्स दाखवणारं टूल) लावून दोन वेगळ्या साइट्स एकाच वेळी उघडा. आपल्याच मशीनचे 'टीएस व्हॅल' (म्हणजे टाइमस्टॅम्पचे) आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, अपटाइमशीही नाहीत. टाइमस्टॅम्प बंद केलात तर वेगवान लिंकवर भरकटलेली जुनी पॅकेट्स ओळखायची सोय जाते.