डाव्या गार्डचा करार आणि त्यातील एक कलम : पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या कॅन्टन येथील मानदालनासाठी २०२० मध्ये निवडला गेलेला डावा गार्ड (आक्रमक रांगेत प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा खेळाडू, म्हणजे लाइनमन) स्टीव्ह हचिन्सन एनएफएल या लीगमध्ये एकूण बारा हंगाम खेळला. त्यांपैकी पाच सिअ‍ॅटलकडून, सहा मिनेसोटाकडून आणि अखेरचा, २०१२ चा, टेनेसीकडून. सात वेळा प्रो बोल (हंगामातील निवडक खेळाडूंचा सामना) आणि पाच वेळा ऑल-प्रोचा (वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीचा) पहिला संघ अशी नोंद असलेल्या या खेळाडूचा विषय निघाला की बोलणे त्याच्या ब्लॉकिंगवरून, म्हणजे अडवण्याच्या कामावरून, लवकरच २००६ च्या मार्चमधील एका करारपत्राकडे वळते. लाइनमनच्या कामाची मोजदाद करणारा आकडा धावफलकावर नसल्याने असे होत असावे. करारात मात्र आकडे भरपूर होते.

या करारामागचा इतिहास फार दूरवर नेण्याची गरज नाही. १९७८ च्या नियमबदलाने ब्लॉक करणाऱ्याला हात लांबवून उघड्या पंजांनी प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मुभा मिळाली, चेंडू फेकून पुढे नेणे (पासिंग) वाढले आणि उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ सांभाळणारा डावा टॅकल (गार्डच्या बाहेरच्या बाजूचा लाइनमन) महाग झाला. १९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि १९९४ पासून संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा लागू झाली, तेव्हा ही महागाई उघड दिसू लागली. गार्ड मात्र पूर्वीच्याच भावात राहिले.

खरा गुंता ‘लाइनमन’ या शब्दात आहे. संघाला आपला खेळाडू राखून ठेवता यावा म्हणून जे टॅग लावले जातात, त्यांची रक्कम त्या जागेवर खेळणाऱ्या सर्वाधिक कमाईच्या खेळाडूंच्या सरासरीवरून ठरते. या हिशेबात टॅकल, गार्ड आणि सेंटर ही तीन वेगवेगळी कामे ‘आक्रमक लाइनमन’ या एकाच सदरात घातली आहेत. सदराचा वरचा भाग टॅकलनीच व्यापलेला असल्याने गार्डला टॅग लावायचा म्हणजे त्याला टॅकलचा भाव द्यायचा. सिअ‍ॅटलच्या व्यवस्थापनाला २००६ मध्ये हेच खटकले. फ्रँचायझी टॅगची रक्कम ६९.८३ लाख डॉलर होती आणि ट्रान्झिशन टॅगची ६३.९१ लाख. पहिल्या टॅगखालचा खेळाडू पळवणाऱ्या संघाला नवोदितांच्या वार्षिक निवडीतल्या (ड्राफ्ट) पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजाव्या लागतात. दुसऱ्यात भरपाई काहीच नसते, केवळ बाहेरच्या प्रस्तावाची बरोबरी करून खेळाडू राखण्यासाठी मुदत मिळते; तेव्हा ती सात दिवसांची होती. संघाने दुसरा टॅग निवडला आणि ५.९२ लाख डॉलर वाचवले.

ही बचत कोणाच्या बाबतीत झाली, तेही पाहिले पाहिजे. नुकत्याच संपलेल्या हंगामात सिअ‍ॅटलच्या धावपटूने (चेंडू घेऊन धावणाऱ्या ‘रनिंग बॅक’ने) १,८८० यार्ड आणि २८ टचडाउन करून लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला होता. डावीकडच्या धावेत डावा टॅकल आणि हा गार्ड समोरच्या संघाच्या बचावातल्या टॅकलला खांद्याला खांदा लावून मागे रेटत. तो हलला की गार्ड एका हाताने त्याला जोडीदाराच्या अंगावर सोपवून त्याच्या मागे उभ्या बचावपटूकडे, लाइनबॅकरकडे, निघे. हा हस्तांतरणाचा क्षण अर्ध्या सेकंदाचाही नसतो, पण तो चुकला तर धाव तिथेच संपते.

मिनेसोटाने सात वर्षांसाठी ४.९ कोटी डॉलरचा प्रस्ताव दिला. रक्कम जुळवणे सिअ‍ॅटलला अवघड नव्हते. अडचण कलमात होती : हा खेळाडू संघातील सर्वाधिक वेतनाचा लाइनमन नसेल, तर सगळी रक्कम हमीची ठरेल, म्हणजे काहीही झाले तरी द्यावी लागेल. मिनेसोटात त्याच्यापेक्षा महाग लाइनमन नव्हता, त्यामुळे तिथे हे कलम निरुपद्रवी होते. सिअ‍ॅटलमध्ये मात्र त्याच्या शेजारीच उभा राहणारा डावा टॅकल वर्षभरापूर्वी सात वर्षांच्या ५.२५ कोटी डॉलरच्या करारावर सही करून बसला होता. अशा कलमांना ‘विषाची गोळी’ म्हणतात. ती नवीन नव्हती. १९९३ मध्ये इंडियानापोलिसने बफेलोचा डावा टॅकल अशाच युक्तीने मिळवला होता, आणि तेव्हाही वाद लवादापर्यंत गेला आणि कलम वैध ठरले.

सिअ‍ॅटलने आपल्या टॅकलच्या कराराची फेरमांडणी करून पाहिली. प्रश्न उरला तो ‘सर्वाधिक वेतनाचा’ हे नेमके कोणत्या दिवशी तपासायचे, एवढाच. बरोबरी करण्याच्या दिवशी की मूळ प्रस्तावावर सही झाली त्या दिवशी? लवादाने दुसरा अर्थ ग्राह्य धरला आणि फेरमांडणी निरुपयोगी ठरली. कलमाच्या शब्दांना धरून हा निर्णय बिनचूक असेल. पण एकाच अटीचा भार एका संघावर शून्य आणि दुसऱ्यावर कोट्यवधींचा पडत असेल, तर बरोबरीचा हक्क कागदावरच राहतो, हा सिअ‍ॅटलचा आक्षेप पोकळ नव्हता. अर्थात, ही वेळ त्यांनी ५.९२ लाखांसाठी स्वतःच ओढवून घेतली होती.

त्याच महिन्यात सिअ‍ॅटलने मिनेसोटाच्या एका रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला) सात वर्षांसाठी ४.९ कोटी डॉलरचाच प्रस्ताव दिला आणि त्यात एका हंगामात मिनेसोटा राज्यात (म्हणजे मिनेसोटाच्या घरच्या मैदानावर) पाच सामने खेळल्यास सर्व रक्कम हमीची, असे कलम घातले. आकडासुद्धा तोच ठेवण्यातला खवचटपणा कोणाच्या नजरेतून सुटला नाही.

पुढच्या हंगामात सिअ‍ॅटलचा धावपटू ८९६ यार्डांवर आला. त्याचा पायही त्या वर्षी मोडला होता, म्हणून सगळा दोष डाव्या गार्डच्या रिकाम्या जागेला देणे योग्य होणार नाही. मिनेसोटात याच गार्डच्या मागून धावणाऱ्या नवोदिताने ४ नोव्हेंबर २००७ रोजी एका सामन्यात २९६ यार्डांचा विक्रम केला.

लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील २०११ च्या सामूहिक करारात अशा कलमांवर बंदी आली. ‘लाइनमन’ हे एकत्र सदर मात्र तसेच राहिले. २०२५ मध्ये कॅन्सस सिटीने आपल्या गार्डला फ्रँचायझी टॅग लावला तेव्हा त्याची रक्कम सुमारे २.३४ कोटी डॉलर होती, आणि त्याच उन्हाळ्यात त्याच्याशी झालेला चार वर्षांचा करार ९.४ कोटींचा, म्हणजे वर्षाला जवळजवळ तेवढ्याच रकमेचा ठरला.