'लेट्स स्टे टुगेदर'ची पार्श्वभूमी: आवाज खाली आणण्याचा हट्ट

अमेरिकी सोल गायक अल ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर' हे माझं अत्यंत लाडकं गाणं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे माप एका बाजूला झुकलं तर वाचकांनी समजून घ्यावं. गाणं जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. रेकॉर्ड नोव्हेंबर १९७१मध्ये बाजारात आली आणि १२ फेब्रुवारी १९७२च्या आठवड्यात अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. तिथे ती एकच आठवडा टिकली. सोल म्हणजे चर्चच्या गायकीतून आलेलं काळ्या अमेरिकनांचं संगीत. त्याच्या वेगळ्या, मुख्यतः काळ्या श्रोत्यांच्या यादीत मात्र तिने नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. एक आणि नऊ हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

गाणं अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचं आहे. त्या शहराची आधीची चार वर्षं वाईट गेली होती. डिसेंबर १९६७मध्ये तिथल्या सोल संगीताचा सर्वांत दमदार आवाज विमान अपघातात गेला. एप्रिल १९६८मध्ये सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची तिथेच हत्या झाली. त्याच सुमारास शहरातल्या सर्वांत मोठ्या सोल कंपनीच्या लक्षात आलं, की करारातल्या एका कलमापायी आपल्याच जुन्या रेकॉर्डिंगांवर आपला हक्क उरलेला नाही. पितळी वाद्यांचा दणका आणि घामाघूम होऊन गाणारा गायक ही मेम्फिसची ओळख होती. ती काही लगेच पुसली गेली नाही, पण तिच्यातला जोर ओसरला.

जागा मिळाली ती दुसऱ्या, लहान कंपनीला. शहराच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या सिनेमागृहात तिचा 'रॉयल' स्टुडिओ होता. खुर्च्या निघाल्या होत्या, जमिनीचा उतार तसाच राहिला होता. तिथला कर्ताधर्ता विली मिचेल हा ट्रम्पेटवादक. स्वतःचा बँड चालवलेला, जॅझचा कान असलेला माणूस. गिटार, बास आणि ऑर्गन वाजवणारे तीन सख्खे भाऊ आणि दोन ड्रमर, एवढ्यांच्या बळावर त्याने एक अगदी आटोपशीर साथ बसवली होती. गिटार दोन-तीन सुरांत बोलून गप्प बसते, ऑर्गन मागे धुमसत राहतो आणि ड्रमचा ठोका कोरडा, जड पडतो. फंक या ठसकेबाज, ठेक्यावर चालणाऱ्या संगीताच्या चाहत्यांना ही साथ गुळगुळीत वाटते. याच चमूचं 'लव्ह अँड हॅपिनेस' त्यांनी एकदा लक्ष देऊन ऐकावं, एवढंच म्हणतो.

ग्रीनचा जन्म १९४६चा, आर्कान्सामधल्या फॉरेस्ट सिटीचा. घरात गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणारी भावाभावांची मंडळी होती आणि वडील कडक. पुढे कुटुंब मिशिगनला गेलं. तिथे पोरगा जॅकी विल्सन या सोल गायकाची ऐहिक गाणी ऐकतो म्हणून वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं. १९६७मध्ये एक गाणं चाललं, मग पुन्हा शुकशुकाट. दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या मिडलंड गावात मिचेलची आणि त्याची गाठ पडली. "दीड वर्षात तुला स्टार करतो," असं मिचेल म्हणाला आणि "एवढं थांबायला मला वेळ नाही," असं ग्रीनने उत्तर दिलं, हा किस्सा दोघांनीही आयुष्यभर सांगितला.

खरा वाद आवाजाचा. ग्रीनला जॅकी विल्सन, विल्सन पिकेट आणि जेम्स ब्राउन व्हायचं होतं. छाती फोडून गायचं, किंचाळायचं, गुडघ्यावर यायचं. मिचेलचं म्हणणं एकच: तू अल ग्रीनसारखा गा. म्हणजे हळू गा, जोर काढून टाक, वरच्या पट्टीत जाताना आवाज बारीक झाला तर होऊ दे. याला ग्रीन बिचकत होता. आपला तो नाजूक, वरचा आवाज त्याला पोकळ वाटे, बाप्यासारखा वाटत नसे. 'लेट्स स्टे टुगेदर'ची चाल मिचेल आणि साथीतला एक ड्रमर यांनी बांधून दिली होती. ग्रीनने शब्द काही मिनिटांत लिहून टाकले. पण गायची वेळ आल्यावर तो अडून बसला. दोन दिवस हुज्जत चालली असं सांगतात. शेवटी मिचेलचा हट्ट चालला.

हा निर्णय अजूनही सगळ्यांना पटलेला नाही. सोल संगीताचे दात काढून ते गोऱ्या रेडिओसाठी मवाळ केलं, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. त्यात तथ्य अजिबातच नाही असं नाही. मिचेलला दोन्ही याद्यांत खपणारी रेकॉर्ड हवीच होती, आणि त्याने ते लपवलं नाही. पण मघाचे आकडे बघा. मुख्य यादीत एक आठवडा, सोलच्या यादीत नऊ. मवाळपणा जर गोऱ्यांसाठी होता, तर तो मनापासून उचलून धरला काळ्या श्रोत्यांनीच. शिवाय आवाज राखून ठेवणं आणि योग्य जागी सोडणं ही चर्चमधल्या गायकीचीच रीत आहे. तिथे प्रत्येक ओळ काही कोणी ओरडत नाही.

शब्दांचा विचार केला तरी मिचेलचंच बरोबर ठरतं. दिवस चांगले असोत की वाईट, मन आनंदात असो की दुःखात, आपण एकत्र राहू, एवढंच गाणं म्हणतं. हेच तार स्वरात म्हटलं तर ती विनवणी होते, समोरचं माणूस दार उघडून निघालंय असं वाटतं. हळू म्हटलं की ते माणूस अजून इथेच आहे, याच खोलीत. गाणाऱ्याला भीती वाटतेच, फक्त तो ती ओरडून दाखवत नाही. माझ्यासारखे लोक या गाण्यात अडकतात ते इथे. मुखड्याआधी तो शब्द किंचित मागे रेंगाळू देतो आणि ठेका मात्र पुढे चालत राहतो, त्या जागेवर मी किती वेळा सुई मागे नेली असेल!

नंतरचा इतिहास धावता आहे. १९७४मध्ये घरी घडलेल्या एका भीषण प्रसंगात ग्रीन भाजला. १९७५मध्ये या गाण्याचा सहलेखक असलेल्या त्या ड्रमरचा खून झाला. १९७६मध्ये ग्रीनने मेम्फिसमध्ये चर्च घेतलं आणि तो पाळक झाला. १९७९मध्ये तो स्टेजवरून पडला, त्याला त्याने देवाची खूण मानलं आणि मग कित्येक वर्षं तो फक्त गॉस्पेल गात राहिला.

गाणं दरम्यान दुसऱ्यांच्या हाती गेलं. १९८३मध्ये अमेरिकी गायिका टीना टर्नरने ते ब्रिटनमध्ये सिंथेसायझरवाल्या मंडळींबरोबर गायलं, तिथल्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत नेलं आणि तिची थांबलेली कारकीर्द पुन्हा उभी राहिली. ती सुरुवात हळू करते आणि मग आवाज मोकळा सोडते, म्हणजे ग्रीनला जे करायचं होतं तेच जवळपास. उत्तम गायली आहे, पण माझ्या लेखी ते दुसरंच गाणं आहे. १९९४मध्ये 'पल्प फिक्शन' या चित्रपटात मूळ गाणं वाजलं आणि रेकॉर्डचा काळ न पाहिलेली पिढी तिकडे वळली. जानेवारी २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात अध्यक्ष ओबामा यांनी त्याची पहिली ओळ गुणगुणली. ग्रीन त्या कार्यक्रमाला हजर होता. गाण्याची विक्री लगेच उसळली. गंमत म्हणजे ओबामांनीही ओळ घेतली ती नाजूक, वरच्या आवाजातच.

त्याआधी, २००३मध्ये, ग्रीन रॉयल स्टुडिओत परतला होता. तेव्हा तो ५७ वर्षांचा, दर रविवारी प्रवचन देणारा पाळक होता. मिचेलने जुना ९ क्रमांकाचा मायक्रोफोन बाहेर काढला, जो तो ग्रीनच्याच आवाजासाठी वापरत असे. त्यावर प्रेमगीतांचा एक अख्खा अल्बम झाला. २००५मध्ये दोघांनी आणखी एक केला. मिचेल २०१०मध्ये गेला. स्टुडिओ आता त्याचे घरचेच लोक चालवतात.