अमेरिकी चर्च आणि हवामानबदल: श्रद्धेत राजकारण कसं शिरलं

मार्च २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीत हवामानबदलावर सुनावणी चालू असताना इलिनॉयचे रिपब्लिकन खासदार जॉन शिम्कस यांनी बायबलमधलं वचन वाचून दाखवलं: उत्पत्ती, अध्याय ८, वचन २२. पृथ्वी आहे तोवर पेरणी-कापणी, उन्हाळा-हिवाळा चालूच राहतील, हा जलप्रलयानंतर देवाने दिलेला शब्द. मग माणूस पृथ्वीचा नाश करूच शकत नाही, असा शिम्कस यांचा निष्कर्ष.

म्हणजे खोट धर्मग्रंथातच आहे? १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी पर्यावरणाच्या संकटाचं खापर साधारण तसंच पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर फोडलं होतं. पण हाच ग्रंथ मानणाऱ्या नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्सने (इव्हँजेलिकल म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) १९७० आणि १९७१ मध्ये पर्यावरण जपण्याचे ठराव केले होते. सृष्टी देवाची, आपण फक्त राखणदार, ही त्यामागची भूमिका.

गणित बदललं ते राजकारणामुळे. १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही पुराणमतवादी ख्रिस्ती राजकीय संघटना उभी राहिली आणि इव्हँजेलिकल मतं रिपब्लिकन पक्षाच्या पदरात पडू लागली. पक्षाला उद्योगांवर सरकारी निर्बंध नकोत. हळूहळू चर्चलाही ते नकोसे झाले. पुराणमतवादी धर्मनेत्यांच्या २००० च्या कॉर्नवॉल जाहीरनाम्याने तर मानवनिर्मित तापमानवाढीची भीती निराधार किंवा अवाजवी चिंतांच्या यादीतच टाकली.

खरी ठिणगी पडली ती २००६ मध्ये. रिक वॉरन यांच्यासह ८६ इव्हँजेलिकल नेत्यांनी हवामानबदलावर कृती हवी, अशा निवेदनावर सह्या केल्या. असोसिएशनचे पदाधिकारी रिचर्ड सिझिक याच मताचे. २००२ मध्ये ऑक्सफर्डला हवामानशास्त्रज्ञ जॉन हॉटन यांना ऐकून त्यांचं मन पालटलं होतं. हॉटन स्वतः श्रद्धाळू इव्हँजेलिकल, हे इथे महत्त्वाचं. बाहेरच्याने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं की नाही कोण जाणे. मार्च २००७ मध्ये पुराणमतवादी इव्हँजेलिकल नेते जेम्स डॉब्सन आणि इतरांनी सिझिक यांना आवरा, असं पत्र असोसिएशनला धाडलं. तक्रार काय, तर तापमानवाढीच्या नादात गर्भपात आणि विवाह हे 'मोठे' नैतिक प्रश्न मागे पडताहेत. विज्ञानापेक्षा मतदारांचं लक्ष दुसरीकडे वळण्याचीच धास्ती जास्त होती, असं ते वाचून वाटतं. २००८ च्या डिसेंबरात सिझिक यांना पद सोडावं लागलं. निमित्त मात्र समलिंगी जोडप्यांविषयीच्या वक्तव्याचं.

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२२ च्या पाहणीत तापमानवाढ मुख्यतः माणसामुळे होते असं मानणारे अमेरिकी ५३ टक्के होते, इव्हँजेलिकल फक्त ३२ टक्के. त्याच अहवालानुसार, या मतामागे धर्मापेक्षा पक्षनिष्ठेचा हात मोठा आहे.