चित्रप्रेरित संगीतरचना

एखाद्या चित्रावरून वा चित्रमालिकेवरून सुचलेली, बहुधा केवळ वाद्यांसाठी बांधलेली रचना. पाश्चात्त्य परंपरेत चित्र आधी आणि संगीत मागून येते; रागमाला (रागरागिण्यांच्या चित्रांची मालिका) परंपरेत क्रम उलटा, राग आधी व त्याचे चित्र मागून. सोलापूर परिसराचा संबंध येतो तो मुख्यतः या दुसऱ्या परंपरेशी.

रशियन संगीतकार मुसोर्गस्की याने दिवंगत मित्र हार्टमान याच्या चित्रांवरून १८७४ मध्ये पियानोसाठी केलेली ‘प्रदर्शनातील चित्रे’ ही रचना सर्वपरिचित आहे. फ्रेंच संगीतकार रावेलने तिला १९२२ मध्ये वाद्यवृंदाचे रूप दिले. राखमानिनॉव्हची ‘मृतांचे बेट’ (१९०९) ही रचना चित्रकार ब्योक्लिनच्या त्याच नावाच्या चित्रावर आधारलेली, पण राखमानिनॉव्हने आधी पाहिली ती कृष्णधवल प्रत. मूळ रंगीत चित्र पुढे त्याला तितकेसे भावले नाही. चित्रातील नावेचे वल्हे या रचनेत पाच मात्रांत फिरते, कधी २-३ तर कधी ३-२. झपतालाला (दहा मात्रांचा ताल) सरावलेल्या कानाला अर्धे आवर्तन ओळखीचे वाटते, पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, काही हाती लागत नाही. कक्षसंगीताच्या (मोजक्या वादकांसाठीच्या संगीताच्या) जवळ जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिकन संगीतकार फेल्डमनची ‘रॉथ्को चॅपेल’ (१९७१) : व्हिओला, सेलेस्टा, तालवाद्ये आणि गायकवृंद एवढाच तिचा संच. ह्यूस्टन येथील प्रार्थनागृहातील चित्रकार रॉथ्कोची १४ चित्रे ही तिची प्रेरणा.

रागमालेत रागाचे ध्यान, म्हणजे त्याच्या मूर्त रूपाचे वर्णन करणारा श्लोक, हा दुवा असतो. तोडी रागिणी वीणा घेऊन उभी आणि भोवती स्वरांनी खेचून आणलेली हरणे; हिंदोल झोपाळ्यावर. संच बहुधा ३६ चित्रांचा, सहा राग व त्यांच्या ३० रागिण्या. रागध्यानांचा काळ निश्चित नाही. क्षेमकर्णाचा ‘रागमाला’ ग्रंथ १५७० च्या सुमाराचा मानतात. पण गुजरातेतील एका कल्पसूत्र (जैन धर्मग्रंथ) पोथीच्या समासात रागरूपे साधारण १४७५ च्या आसपास आढळतात, तेव्हा चित्रपरंपरा त्या ग्रंथाहून जुनी धरणे भाग आहे.

दख्खनी रागमालेचे उगमस्थान वादग्रस्त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीची म्हणून ओळखली जाणारी, बीकानेर संग्रहातून पुढे आलेली काही चित्रे कोणी अहमदनगरकडे वा एकूण उत्तर दख्खनकडे, तर कोणी विजापूरकडे देतात. विजापूरच्या पक्षाला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या (कार. १५८०–१६२७) संगीतप्रेमाचा व त्याच्या ‘किताब-ए-नवरस’चा आधार मिळतो. तथापि स्त्रियांची नेसण आणि चित्रांवरील संस्कृत ओळी पाहता उत्तर दख्खनचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. सोलापूर या दोन्ही दरबारांच्या मधोमध. चांदबिबीच्या विवाहात येथील किल्ला निजामशाहीकडून आदिलशाहीला आंदण गेला आणि पुढेही त्यावरून झगडे होत राहिले. किल्ला असा इकडून तिकडे जात असताना कारागीर व पोथ्याही गेल्या असाव्यात, असा तर्क करता येतो. एखादे चित्र सोलापुरातच रंगले, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

जिल्ह्यातील पंढरपुरात ‘ध्यान’ हा शब्द विठ्ठलाच्या रूपासाठी रूढ आहे आणि रूपाचे अभंग भजनात प्रथम म्हणण्याचा प्रघात आहे. डोळ्यांपुढील रूपावरून गाणे उभे राहते, हे येथे सवयीचेच. फक्त त्याला कोणी चित्रप्रेरित म्हणत नाही. रागमाला या विषयाकडे आधुनिक काळात वळलेले चित्रकार म. फि. हुसेन यांचा जन्मही पंढरपूरचाच (१९१५).