आरोग्यव्यवस्थांची तुलना

निरनिराळ्या देशांत आजारपणाचा खर्च कोण उचलतो, रुग्णालये कोणाच्या मालकीची असतात आणि उपचार कोणाला किती दिवसांत मिळतात, याचा तौलनिक अभ्यास. पैसा किती लागतो याच्या आधी तो केव्हा घेतला जातो हे पाहावे लागते : माणूस धडधाकट असताना कर किंवा वर्गणी म्हणून, की तो खाटेला खिळल्यावर बिल म्हणून. बिलावरच भिस्त असते तिथे गरीब माणूस दुखणे अंगावर काढतो. व्यवस्था पारखण्याची ही सर्वांत खरी कसोटी होय.

अभ्यासक सहसा दोन मूळ घराणी सांगतात. पहिले जर्मनीचे. चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली, कामगार व मालक या दोघांच्या वर्गणीतून चालणाऱ्या आजारनिधींचा कायदा झाला. आजही तिथले सुमारे ९० टक्के लोक अशा निधींचे सदस्य आहेत. दुसरे घराणे ब्रिटनचे. सामाजिक विम्याविषयीचा बेव्हरिज अहवाल १९४२ मध्ये आला आणि ५ जुलै १९४८ रोजी करांच्या पैशातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचे शिल्पकार तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन. रुग्णाकडून उपचाराच्या वेळी एक पैही घ्यायची नाही, यावर ते इतके ठाम होते की कवळ्या व चष्म्यांवर आकार लावायचे ठरताच १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी औषधचिठ्ठीमागे एक शिलिंग घेणे सुरू झाले. वेल्सने २००७ मध्ये हा आकार रद्द केला. इंग्लंडमध्ये तो अजून आहे.

कॅनडाने मधली वाट काढली, पण ती सुखासुखी सापडली नाही. सस्कॅचवन प्रांताने १ जुलै १९६२ रोजी सार्वजनिक वैद्यकीय विमा लागू करताच डॉक्टरांनी संप पुकारला आणि तो २३ दिवस चालला. तडजोड अशी झाली की डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिक राहतील आणि त्यांचे बिल सरकारी विमा भरेल. हाच नमुना पुढे देशभर गेला. मात्र रुग्णालयाबाहेरची औषधे या मूळ रचनेत आलीच नाहीत.

जपानमध्ये १९६१ पासून प्रत्येकाला विमा सक्तीचा आहे. तिथली पावती पाहण्यासारखी असते. तपासणी, इंजेक्शन, एक्स-रे अशा प्रत्येक बाबीपुढे गुण लिहिलेले असतात आणि एका गुणाचे दहा येन धरले जातात. हा दरतक्ता सरकार दर दोन वर्षांनी सुधारते आणि तो देशभर एकच असतो. सत्तरीच्या आतला रुग्ण सर्वसाधारणपणे ३० टक्के रक्कम भरतो. महिन्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वरचा भार बव्हंशी विम्यावर पडतो. मोठ्या आजारात कुटुंब कर्जबाजारी होऊ नये म्हणून ही मर्यादाच सगळ्यांत मोलाची आहे.

अमेरिकेत एकसंध व्यवस्था नाही. वृद्धांसाठी मेडिकेअर व अल्प उत्पन्नगटासाठी मेडिकेड (दोन्ही सरकारी विमा योजना, १९६५), बाकी बहुतेकांचा विमा नोकरीला बांधलेला. त्यामुळे नोकरीबरोबर विमाही जाऊ शकतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे १७ टक्के हिस्सा आरोग्यावर खर्चूनही तिथले सरासरी आयुर्मान जपान वा फ्रान्सपेक्षा काही वर्षांनी कमी आहे. अर्थात आयुर्मानावर आहार, अपघात आणि बंदुकांचाही परिणाम होतो, तेव्हा सगळा दोष रुग्णालयांच्या माथी मारता येत नाही.

क्रमवारी लावण्याचा मोठा प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेने २००० मध्ये केला. १९१ देशांत फ्रान्स पहिला आला, पण पद्धतीवर इतकी टीका झाली की संघटनेने तशी यादी पुन्हा काढली नाही. मोजमापातच अडचणी आहेत. शस्त्रक्रियेसाठी थांबण्याचा काळ इंग्लंडमध्ये तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून मोजतात, तर इतरत्र बऱ्याचदा शस्त्रक्रिया ठरल्यापासून. शिवाय बिलाच्या धास्तीने जो डॉक्टरची पायरीच चढला नाही, तो कोणत्याही प्रतीक्षायादीत सापडत नाही. त्याला गाठायचे तर रुग्णालयाच्या नोंदी पुरत नाहीत. लोकांनाच थेट विचारावे लागते, की गेल्या वर्षभरात पैशांमुळे उपचार किंवा औषध टाळले का.