नाथसागरात समुद्राचं काय येतं?

पहाटे पैठणच्या धरणामागे तराफे काठाला लागतात, तेव्हा मी कधीकधी तिथं जाऊन उभा राहतो. दिवाळीच्या आसपासची गोष्ट. एक भोई मामा जाळ्यातून काहीतरी सोडवत होते आणि ते सुटत नव्हतं. हातभर लांब, काळपट, अंग कानशीसारखं खरखरीत, तोंड कुठं आहे ते कळेना. मामा म्हणाले, "सर, बघा बरं हे काय हाय. समुद्रातलं दिसतंय. आमच्या बापजाद्यांनी असलं कधी धरलं नाही." तोवर शेजारच्या पोरानं फोटो पाठवूनही दिला होता: 'नाथसागरात मगरीचं पिल्लू'.

मी ते उताणं केलं. तोंड डोक्याच्या खालच्या अंगाला होतं, गोल, चिकटून बसणाऱ्या वाटीसारखं. अर्धी ओळख तिथंच पटली. शिंगाळा, मांगूर यांच्याच मोठ्या गोतावळ्यातला हा मासा. पण आपल्या शिंगाळ्याची कातडी गुळगुळीत आणि बिनखवल्यांची असते, तर याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या. मग पाठीवरचा पर बोटांनी उघडून आतल्या काड्या मोजल्या. पुढचा जाड काटा सोडून दहाच्या वर भरल्या. त्यामागं शेपटीजवळ आणखी एक छोटा पर, त्यालाही काटा. हा सकर मासा, शास्त्रीय नाव टेरिगोप्लिक्थिस. समुद्राशी त्याचा संबंध नाही. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमध्ये आहे.

त्याच्या पोटावरच्या नक्षीवरून प्रजाती ठरवतात. ठिपके सुटे असतील तर एक, नागमोडी रेघांनी जोडलेले असतील तर दुसरी. पण या प्रजातींचा आपसात संकर होतो आणि मधल्याच नक्षीचे मासेही सापडतात. म्हणून वहीत मी वंशाचं नाव लिहिलं आणि प्रजातीची जागा रिकामी ठेवली. मासा ओळखताना कुठं थांबायचं हेही कळावं लागतं.

तो इथवर आला माणसाच्या हातानं. घरातल्या काचेच्या टाकीचं शेवाळ खातो म्हणून दोन-तीन इंचांचं पिल्लू विकत घेतात. ते वाढून फूट-दीड फुटाचं झालं की टाकीत मावत नाही, आणि मग कुणीतरी 'जीव कशाला घ्यायचा' म्हणून नदीत सोडून देतं. उजनीच्या मच्छीमारांना तो केव्हाच माहीत झालाय. त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं, बाजारात भाव मिळत नाही, काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो. हवा गिळून जठरातून प्राणवायू घेता येत असल्यानं पाण्याबाहेरही तासन्‌तास तगतो. मामांना मी एकच विनंती केली, की हा पुन्हा पाण्यात सोडू नका.

पण मामांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. समुद्रातलं काही आपल्याकडं येतं का?

येतं. निदान येत होतं. अहीर नावाचा सापासारखा लांब मासा समुद्रात जन्मतो, पिल्लू असताना नदीत शिरतो, गोड्या पाण्यात कित्येक वर्षं वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडं निघतो. गोदावरी खोऱ्यात त्याची नोंद आहे. त्र्यंबकेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते. या वाटेवर धवळेश्वरमचा बंधारा १८५२ साली पुरा झाला, पुढं श्रीरामसागर, बाभळी, विष्णुपुरी आणि हे पैठणचं जायकवाडी आले. आज त्या पिल्लानं खालून इथवर यायचं म्हटलं तर किती भिंती चढायच्या!

म्हणून सापासारखं काही जाळ्यात आलं तर ते नीट बघा. अंगभर कोरडे, एकावर एक बसलेले खवले आहेत, पर नाहीत, कल्ले नाहीत, तर ती पाणदिवड. विषारी नाही, पण चावते, सोडून द्या. पाठीवर सुट्या काट्यांची लांब रांग आणि नाकाचा शेंडा सोंडेसारखा, ती आपली वाम. काठावरच्या बायका ती अंधारातही ओळखतील. आणि पाठीवर एकही काटा नसेल, कल्ल्यामागं पर असेल, पाठीचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला मिळत असेल, तर ओरडून मला बोलवा. तो अहीर.

याच माशाच्या युरोपीय भावकीनं, म्हणजे तिकडच्या ईलनं, शास्त्रज्ञांनाही चकवलं होतं. समुद्रात पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक एक इवलासा मासा मिळायचा. १८५६ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचं नाव दिलं गेलं. चाळीस वर्षांनी इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी तो टाकीत ठेवला, तर त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं ईलच्या पिल्लात रूपांतर झालं. वेगळी जात समजली गेली, ते त्याच माशाचं बाळपण होतं.

जेलीफिश म्हटलं की कोकणचा किनारा आठवतो. पण शंकर पुरुषोत्तम आघारकरांना सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या उपनद्यांमध्ये गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तोपर्यंत तो वंश फक्त आफ्रिकेतून माहीत होता. या शोधाची बातमी 'नेचर'मध्ये आली. पुण्यातल्या संशोधन संस्थेला ज्यांचं नाव आहे, तेच हे आघारकर. तेव्हा 'असलं इथं असणारच नाही' असं मी कुणाला पटकन सांगत नाही.

असं काही अनोळखी हाती लागलं, तर मराठवाड्यात खरी घाई असते ती उन्हाची. मे महिन्यात मासा दुपारपर्यंतही टिकत नाही. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन बंदरात, तिथल्या संग्रहालयाच्या मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना ट्रॉलरवर एक निळसर, जाड परांचा मासा दिसला. तिकडं तो ऐन उन्हाळा. त्यांनी चित्र काढून मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना पाठवलं. 'सांगाडा आणि कल्ले जपून ठेवा' अशी तार येईपर्यंत आतले अवयव सडून फेकले गेले होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं मानलेला तो सीलाकांथ होता, आणि पुढचा मासा मिळायला १९५२ उजाडलं.

मामांना हे सांगितलं आणि काही गोष्टी ठरवल्या. मासा लगेच बर्फात घालायचा, पोट फाडायचं नाही. फोटो एका कुशीवरून, पर पसरून. दुसरा उताणा, तोंडासकट. मापासाठी शेजारी काडेपेटी. सोबत तारीख, जागा आणि किती बोटांच्या डोळ्याचं, म्हणजे भोकाचं, जाळं होतं ते.

गेल्या महिन्यात मामांचा फोटो आला. चपटा, रुंद, पोटाशी तांबूस मासा, शेजारी काडेपेटी. पोरांनी त्याला पिरान्हा ठरवलं होतं. दुसऱ्या फोटोत मामांनी काडीनं त्याचा ओठ वर करून धरला होता आणि खाली लिहिलं होतं, "सर, दात माणसावाणी हायेत, चौकोनी." पिरान्हाचे दात टोकदार, पात्यासारखे असतात. हा रूपचंद होता, कुठल्यातरी शेततळ्यातून निसटून आलेला.